तळपायाची आग मस्तकातून परत खाली कशी आणायची

मागे एकदा दादाशी फोनवर वाजलं. विषय सोडा, घरोघरी तोच असतो, कोणी किती केलं आणि कोणी काहीच नाही केलं. फोन ठेवला, मी अगदी शांत आहे असं स्वतःलाच सांगितलं आणि पाण्याचा ग्लास घ्यायला हात पुढे केला तर मूठ उघडेचना. म्हणजे उघडली, पण सावकाश, बोटं ठणकत होती आणि तळहातावर नखांच्या चार लाल चंद्रकोरी उमटलेल्या. पंधरा मिनिटांचा कॉल होता, तेवढा वेळ मी ती मूठ आवळून बसले होते आणि मला पत्ताच नाही.

तेव्हापासून मला पटलंय की राग आपल्याला डोक्यात आहे असं वाटतं पण तो साठतो अंगात. आपल्या भाषेला हे कधीपासून माहितीये बघा, तळपायाची आग मस्तकात जाते, आपण दातओठ खातो, मुठी वळतो, नाकपुड्या फुगतात, कपाळावर आठ्या पडतात, अंगाचा तिळपापड होतो, सगळा नकाशा तयारच आहे. मी जे करते ते एवढंच, की ही आग ज्या वाटेने वर चढली त्याच वाटेने खाली आणायची, जबडा, खांदे, हात, पोट, पाय असं एकेक करत, आणि सोबत श्वास. मी काही डॉक्टर किंवा योगाची टीचर नाही, स्वभावाने तापट आहे आणि गेली काही वर्षं हे करून बघतेय, बस.

आधी थोडं कारण सांगते कारण ते कळलं नाही तर दोन दिवसांत सोडून द्याल. 1915 च्या सुमारास वॉल्टर कॅनन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने मांडलं की राग आणि भीती दोन्हींत शरीर एकच तयारी करतं, लढायची नाहीतर पळायची. अ‍ॅड्रेनलिन नावाचं हार्मोन सुटतं, हृदय जोरात, बीपी वर, स्नायू ताठ, श्वास छातीत वरच्यावर. समोर वाघ असो की फॅमिली ग्रुपवरचा मेसेज, शरीराची तयारी तीच. आता गंमत अशी की अ‍ॅड्रेनलिन तसं काही मिनिटांत उतरायला लागतं, पण त्याच्या मागून येणारं कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन सावकाश चढतं आणि साधारण 20 ते 30 मिनिटांनी शिगेला जातं, त्यामुळे भांडण संपून अर्धा तास झाला तरी अंगातली धग जात नाही. आणि त्यात आपण काय करतो तर मनात तेच भांडण पुन्हा वाजवतो, "त्याने असं म्हटल्यावर मी तसं म्हणायला हवं होतं", की झालं, शरीराला नवा डोस.

म्हणूनच ते उशी बडव, दार आपट, पंचिंग बॅगवर राग काढ वगैरे सल्ले मला आता पटत नाहीत. पूर्वी मीही भांडी आदळायचे, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण ब्रॅड बुशमन नावाच्या संशोधकाने 2002 मध्ये 600 कॉलेजच्या मुलामुलींवर हे तपासलं होतं. त्यांना आधी राग येईल असं केलं, मग काही जणांना ज्याचा राग आलाय त्याचा विचार करत पंचिंग बॅग बडवायला दिली आणि काहींना नुसतं दोन मिनिटं गप्प बसवलं. बॅग बडवणारे शेवटी जास्त रागावलेले निघाले, काही न करता बसलेले बरे राहिले. पुढे 2024 मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने 154 अभ्यास, 10 हजारांवर माणसं, असा सगळा एकत्र आढावा घेतला, त्यातही तेच, शरीराचं इंजिन थंड करणाऱ्या गोष्टींनी राग उतरतो, तापवणाऱ्यांनी फारसा नाही. जॉगिंगने तर राग वाढण्याकडेच कल दिसला. धावणं तब्येतीला चांगलंच आहे, भांडून लगेच धावायला जाऊ नका एवढंच.

तर आता करायचं काय.

सगळ्यात आधी श्वास बाहेर सोडायचा. हे मुद्दाम सांगतेय कारण "दीर्घ श्वास घे" असं कोणी म्हटलं की आपण छाती फुगवून, खांदे कानापर्यंत नेऊन भलामोठा श्वास घेतो आणि तो कोंडून धरतो, म्हणजे रागात शरीर जे करतच असतं तेच आणखी जोरात. उलट करा. आतमध्ये जो आहे तो आधी तोंडाने हळूच सोडून द्या, ओठांचा छोटा चंबू करून, समोर मेणबत्ती आहे आणि ती विझवायची नाहीये, ज्योत फक्त हलली पाहिजे, अशा बेताने. पूर्ण रिकामे झालात की आत घ्यायची घाई करू नका, शरीर आपोआप घेतं. नाकाने 4 आकडे आत, तोंडाने किंवा नाकाने 6 आकडे बाहेर. आकडा म्हणजे साधारण सेकंद, घड्याळ लावू नका. असे 10 सेकंदांचा एक श्वास म्हटलं तर मिनिटाला 6 होतात, एरवी आपण बसल्या जागी मिनिटाला 12 ते 20 घेत असतो, त्यामुळे सुरुवातीला हे फार संथ वाटेल. नाही जमलं तर 3 आत 4 बाहेर करा. बाहेरचा आतल्यापेक्षा लांब असला की झालं, आकड्यांवरून स्वतःशी अजून एक भांडण नको.

बाहेरचाच लांब का, तर त्याचा पुरावा तुमच्या मनगटावर आहे. शांत असताना कधीतरी अंगठ्याच्या खाली नाडीवर दोन बोटं ठेवून सावकाश श्वास घ्या. आत घेताना ठोके जरा लगबगीने पडतात आणि सोडताना रेंगाळतात, तरुण माणसात हे जास्त जाणवतं. मेंदूपासून पोटापर्यंत जाणारी व्हेगस नावाची एक लांब नस असते, हृदयाचा ब्रेक म्हणा, श्वास सोडताना तो ब्रेक लागतो. म्हणजे सोडण्याचा वेळ वाढवला की ब्रेकवर पाय जास्त वेळ राहतो. मला पहिल्यांदा बोटाखाली हे कळलं तेव्हा मी दहा मिनिटं तेच करत बसले होते, मुलगा विचारून गेला, "आई बरी आहेस ना?"

दुसरा एक प्रकार आहे जो अगदी तडकलेलं असताना चालतो. नाकाने श्वास आत, आणि भरलं असं वाटलं की त्याच्यावर अजून एक छोटासा घोट आत, मग तोंडाने लांबलचक उसासा. लहान मूल रडून रडून थकलं की हुंदक्यासारखा दोनदा श्वास घेतं ना, तसंच. उसासे आपण न कळत दिवसभर टाकतच असतो, त्याने फुप्फुसातले मिटलेले बारीक बारीक फुगे पुन्हा उघडतात. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लोकांनी 2023 मध्ये छापलेल्या अभ्यासात माणसांना महिनाभर रोज 5 मिनिटं हे असले उसासे टाकायला लावले होते आणि त्यांचा मूड नुसतं ध्यान करणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारला. रागाच्या क्षणी 5 मिनिटं कोण देणार, दोनतीन उसासे पुरतात. फक्त समोरच्याच्या तोंडावर टाकू नका, त्याला वाटतं आपण कंटाळलोय आणि मग नवीनच सुरू होतं, अनुभव आहे.

जबडा. हा मला सगळ्यात उशिरा सापडला आणि सगळ्यात जास्त कामाचा निघाला. आत्ता वाचता वाचता बघा, वरचे खालचे दात एकमेकांना टेकलेत का? टेकलेले असतील तर एरवीही जबडा कामाला जुंपलेलाच आहे, कारण खात नसताना दातांचं एकमेकांशी काही काम नसतं, ओठ मिटलेले आणि दात सुटे, अशीच त्याची आरामाची जागा. जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे, "न" म्हणताना जिथे टेकतं तिथे ठेवा आणि मनात लांब "न्न्न" म्हणा, दात आपोआप सुटे होतात. मग दोन्ही हातांची बोटं कानाच्या पुढे गालावर ठेवा, दात एकदा आवळा, तिथे एक गोटी टम्म वर येईल, तोच स्नायू. दात सोडा आणि त्या गोटीवर हलक्या हाताने गोल गोल चोळत बोटं हनुवटीपर्यंत ओघळू द्या. पाचसहा वेळा. मध्येच जांभई आली तर दाबू नका, मोठी येऊ द्या, जांभई आली की मी समजते गाडी उताराला लागली.

तिथून खांदे. श्वास आत घेत दोन्ही खांदे कानांकडे वर उचला, अगदी कळे न कळे इतपत जोर लावून 5 सेकंद, आणि मग श्वास सोडताना एकदम सोडून द्या, हळूहळू उतरवायचे नाहीत, दोरी कापल्यासारखे. मग 15-20 सेकंद काहीच नाही, फक्त खांदे जड झालेत ते बघत बसायचं. तीन वेळा. यातली युक्ती अशी की ताठरलेल्या स्नायूला "सैल हो" म्हटलं की तो ऐकत नाही, पण त्याला आधी मुद्दाम थोडं आवळलं आणि मग सोडलं तर दोन्हींतला फरक कळतो. एडमंड जेकबसन या डॉक्टरांनी 1920 च्या दशकात यावरूनच अख्खी पद्धत बांधली, डोक्यापासून पायापर्यंत एकेक स्नायू ओळखायला आणि सैल सोडायला शिकवणारी. मुठींचंही तसंच, आवळा, 5 मोजा, उघडा, बोटं पसरा. माझ्यासाठी मुठीच जास्त महत्त्वाच्या, तुमचं दुसरं काही असेल, कोणाची मान, कोणाचं पोट, कोणाच्या पायाचे अंगठे बुटात वळलेले असतात. एकदा शोधून ठेवा तुमचा राग कुठे मुक्काम करतो ते, पुढच्या वेळी थेट तिथे जाता येतं. आणि मान गरागरा गोल फिरवू नका, हळूच एका बाजूला कलवली, दुसऱ्या बाजूला कलवली, बास.

आता कधी कधी हे सगळं फारच सोज्वळ वाटतं, हातापायात इतकं शिवशिवत असतं की कोणालातरी ढकलावं. मग भिंतीला ढकला. गंमत नाही करत. भिंतीपासून हातभर लांब उभं राहायचं, दोन्ही तळवे छातीच्या उंचीला भिंतीवर, गुडघे थोडे वाकलेले, आणि श्वास सोडत सोडत सावकाश जोर लावत जायचं, झटका नाही, मारणं नाही, श्वास कोंडायचा नाही. श्वास संपला की जोर सोडायचा, कपाळ भिंतीला टेकवून दोन श्वास उभं राहायचं. चारपाच वेळा करा. बॅग बडवण्यात आणि यात फरक आहे तो वेगाचा आणि डोक्यात काय चाललंय त्याचा, ढकलताना माणसाचा चेहरा समोर आणायचा नाही, तळहाताला भिंत गार लागतेय की खरखरीत ते बघायचं. मी पहिल्यांदा करत होते तेव्हा मुलगा दारात उभा राहून म्हणाला, "आई, हलली का गं भिंत?" आणि माझं हसूच फुटलं, राग निम्मा तिथेच गेला. बीपी जास्त असेल तर हा प्रकार सोडून द्या, बाकीचं पुरेसं आहे.

यानंतर हात झटकायचे, धुतल्यावर टॉवेल सापडला नाही की झटकतो तसे, आधी मनगटं मग कोपर मग खांद्यातून, अर्धा मिनिट. मग पाय जरा फाकवून उभं राहून कमरेतून डावीकडे उजवीकडे वळत राहायचं, हात सैल, दोरीला बांधल्यासारखे अंगाभोवती गुंडाळले जातील आणि सुटतील. वेग कमी कमी करत आपोआप थांबू द्या. हात थांबल्यावर बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, रक्त उतरल्यासारखं वाटतं, तो क्षण मला फार आवडतो. पुढे वाकून लोंबकळणंही छान, गुडघे चांगले वाकवून, डोकं सैल, पण चक्कर येत असेल, बीपी किंवा काचबिंदू असेल तर नको, त्यापेक्षा खुर्चीत बसून कोपरं मांड्यांवर टेकवा आणि डोकं खाली सोडा.

आणि मग चालणं, यावर जरा जास्त बोलते कारण इथे सगळे फसतात. "मी एक चक्कर मारून येतो" म्हणून आपण तरातरा निघतो, पाय आपटत, आणि पूर्ण वेळ मनात त्या माणसाशी भांडत, परत येतो तेव्हा नवे चार मुद्दे घेऊन येतो. ही चक्कर नाही, ही तालीम झाली. चालायचंय ते मुद्दाम हळू, इतकं हळू की सुरुवातीला कृत्रिम वाटेल, टाच टेकली, तळवा टेकला, बोटं टेकली असं कळेल इतकं. श्वास पावलांना बांधायचा, 3 पावलं आत, 5 पावलं बाहेर. मोजण्यात डोकं गुंतलं की भांडणाला जागा कमी उरते. ते मध्ये मध्ये घुसणारच, "पण तो म्हणालाच कसा", मग पुन्हा एकपासून मोजायचं, कितीही वेळा. नजर फोनवर किंवा जमिनीवर नको, लांब कुठेतरी, झाडाचा शेंडा, समोरच्या छताची कड, काहीही. घरातल्या घरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत केलं तरी चालतं, मी रात्री तेच करते. एवढं चालल्यावर आग पुन्हा तळपायात येते, खरंच पाय गरम लागतात मला, माझा भ्रम असेल तरी चालेल.

या सगळ्याला किती वेळ, तर निदान 20 मिनिटं धरा, धग लगेच जात नाही हे आठवा. पण घरातलं माणूस समोर असताना तुम्ही एकदम उठून जबडा चोळत गेलात तर त्याला ते दार आपटण्यासारखंच लागतं, म्हणून जाताना एक वाक्य बोलून जायचं, "मला आत्ता नीट बोलता येणार नाही, मला 20 मिनिटं दे, मी येते." आणि यायचं. हे न आल्यामुळे आमच्याकडे मूळ भांडणापेक्षा मोठी भांडणं झालीत. त्या 20 मिनिटांत मेसेज टाइप करायचा नाही, ड्राफ्ट पण नाही.

ऑफिसमध्ये, मीटिंगमध्ये, रांगेत असलात तर वरच्यातलं निम्मं जमणार नाही, मग दात सुटे, लांब श्वास बाहेर, आणि दोन्ही तळपाय जमिनीला सपाट दाबून धरायचे, एवढं चारचौघांत कोणाला दिसत नाही. गाडी चालवत असाल तर डोळे मिटणं, चक्कर येईल इतकं खोल श्वास घेणं वगैरे अजिबात नाही, शक्य तिथे कडेला थांबा. आणि भराभर खोल श्वास कुठेच घेऊ नका, त्याने कार्बन डायऑक्साइड कमी होऊन डोकं हलकं होतं, ओठांना मुंग्या येतात, आणि माणूस आणखी घाबरतो. असं झालंच तर मोजणं सोडून नेहमीसारखा श्वास घ्या. दमा, हृदयाचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर श्वास रोखण्याचे कुठलेच प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, इथे मी ते एकही सांगितलेले नाहीत.

कधी कधी राग उतरता उतरता रडू येतं, हातपाय थरथरतात. मला पहिल्यांदा भीती वाटली होती, आता मी बसून घेते, पाठ भिंतीला लावते आणि होऊ देते, पाचदहा मिनिटांत ओसरतं. पण रागात हात उचलला जात असेल, वस्तू फुटत असतील, किंवा रोजच असं होत असेल तर एवढ्यावर भागवू नका, समुपदेशकाकडे जा. आणि कोणी तुम्हाला मारत, छळत असेल म्हणून राग येत असेल तर तो राग श्वास घेऊन जिरवायचा नाहीये, तिथे आधी सुरक्षित जागा आणि मदत.

जुन्या, वर्षानुवर्षं मनात धरलेल्या रागाचं मला नीटसं जमलेलं नाही अजून. त्याला भिंत ढकलून उपयोग होत नाही. त्यासाठी रात्री जमिनीवर पडून पाय गुडघ्यातून वाकवून खुर्चीवर ठेवते, एक हात पोटावर, हात वर जातो खाली येतो तेवढंच बघते, 10 मिनिटं. तो राग जात नाही पण झोप लागते.

अजून एक, हे सगळं राग नसताना करून ठेवा. रोज 5 मिनिटं, एक श्वासाचा प्रकार आणि एक अंगाचा. कारण डोकं तापलेलं असताना नवीन काही सुचत नाही, सवयीचं तेवढंच आठवतं. मी लिफ्टची वाट बघताना जबडा आणि फोन चार्जिंगला लावताना खांदे अशी सांगड घातलीये, दोन महिन्यांनी ते आपोआप व्हायला लागलं.

शांत होणं म्हणजे माघार घेणं हा माझा मोठा गैरसमज होता. दादाला मी त्या दिवशी तासाभराने परत फोन केला आणि जे आधी ओरडून सांगत होते तेच सांगितलं, एक शब्द कमी केला नाही, फक्त आवाज खाली होता. त्याला ते पटलं नाहीच, तो भाग वेगळा. पण आता त्याच्याशी बोलताना मी रिकामा हात टेबलावर उताणा ठेवते, बोटं उघडी, आणि मध्ये मध्ये त्या हाताकडे बघत राहते. बोटं आत वळायला लागली की म्हणते, "दादा, थांब जरा, पाणी पिऊन येते."